ब्रेक पॅड बदलायचे की डिस्कही?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुपारी गॅरेजमधून फोन येतो, ‘ताई, ब्रेक पॅड संपलेत आणि डिस्कही बदलावी लागेल.’ अशा वेळी बरेचजण एकतर घाबरून सगळ्यालाच होकार देतात, नाहीतर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत विषय टाळतात. पहिल्यात विनाकारण पैसे जाऊ शकतात आणि दुसऱ्यात गाडीतल्या सगळ्यांचा जीव धोक्यात येतो. खरं तर हा निर्णय अंदाजाने नाही, मोजून घ्यायचा असतो.

झिजणं हेच पॅडचं काम

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क किंवा रोटर. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात आणि गाडी थांबते. पुसता पुसता खोडरबर झिजावं तसे पॅड झिजत जातात. नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलून घ्या. आणखी थांबलात तर थर संपून मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कला घासू लागते आणि पॅडच्या खर्चात डिस्कचीही भर पडते.

पॅड किती किलोमीटर चालतील, याचं एकच उत्तर नाही. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात ते लवकर झिजतात, तर मोकळ्या हायवेवर जास्त टिकतात. म्हणूनच दर सर्व्हिसिंगला जाडी तपासायला सांगा. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतात. त्यांच्या ब्रेक शूचीही चौकशी करा.

गाडी आधीच सांगते

ब्रेक दाबताच बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पॅड संपत आल्याची ती सूचना असू शकते. अनेक पॅडना त्यासाठीच छोटी धातूची पट्टी बसवलेली असते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर ऐकू आली, तर मात्र दिरंगाई करू नका. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसण्याची शक्यता असते. पेडल खूप खाली जात असेल किंवा स्पंजासारखं मऊ लागत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकलाच बोलवा.

पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर मात्र हलका गंज चढतो. दोन-चार वेळा ब्रेक लावला की तो निघून जातो. त्याची काळजी नको.

डिस्क घासायची की नवी घ्यायची?

डिस्कवर सहसा तिची किमान जाडी कोरलेली असते. समजा, नवी डिस्क 22 मिलिमीटरची आहे आणि किमान मर्यादा 20 आहे. मोजल्यावर जाडी 21.5 भरली आणि वर हलक्या रेघा असतील, तर लेथवर घासून ती सपाट करता येते. पण घासल्यानंतरही जाडी मर्यादेच्या वरच राहायला हवी. 20.2 भरली, तर घासण्याइतका जीव तिच्यात उरलेला नाही, नवीच घ्या. तडा गेला असेल, तरी नवीच. आणि डिस्क गुळगुळीत, पुरेशी जाड आणि थरथर न करणारी असेल, तर तिला हात लावायची गरज नाही. फक्त पॅड बदला.

पातळ डिस्क एवढी धोक्याची का? कारण ब्रेक लावल्यावर गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि ती मुख्यतः डिस्कलाच सोसावी लागते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. माणसं आणि सामान भरून आंबोली किंवा वरंधा घाट उतरताना पातळ डिस्क लवकर तापते आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटू लागते. ब्रेक ऑइल जुनं असेल, तर त्यात मुरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून ऑइल साधारण दर 2 वर्षांनी बदला आणि उतारावर खालच्या गिअरमध्येच गाडी ठेवा.

गॅरेजमध्ये हे विचारा

‘पॅड किती मिलिमीटर उरलेत? डिस्कची जाडी किती भरली आणि मर्यादा किती आहे?’ एवढंच विचारा. आकडे न सांगता डिस्क बदला म्हणत असतील, तर समोर मोजायला सांगा. काढलेले जुने पॅड बघायला मागा. पॅड आणि डिस्क नेहमी एकाच वेळी डाव्या-उजव्या अशा दोन्ही चाकांना बदला, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाते.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत ते दाबून घ्या. पहिले 200 ते 300 किलोमीटर गरज नसताना जोरात ब्रेक मारू नका. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला तेवढा वेळ लागतो.

तुमच्या गाडीला अलॉय व्हील असतील, तर चाक न काढताही थोडा अंदाज घेता येतो. गाडी थंड असताना फोनचा टॉर्च लावून चाकाच्या फटीतून डोकावा. बाहेरच्या बाजूचा पॅड दिसेल. थर अगदीच पातळ वाटला, तर सर्व्हिसिंगच्या तारखेची वाट बघू नका.