विश्लेषण : पेडल एक, कामे तीन! रुग्णालयातील खाटेचे ब्रेक आणि स्टीअरिंग कसे चालते?

रुग्णाला वॉर्डातून शस्त्रक्रियागृहात किंवा एक्स-रेसाठी तळमजल्यावर न्यायचे आहे. एका टोकाला वॉर्डातले ‘मामा’ आणि दुसऱ्या टोकाला रुग्णाचा मुलगा किंवा भाऊ. हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. खाट सरळ ढकलली तरी भिंतीकडे जाते, लिफ्टच्या दाराशी अडते आणि परत जागेवर लावल्यावर मागून कोणीतरी विचारते, ‘ब्रेक लावला का?’ पेडल तर दाबलेले दिसते. पण दाबलेले पेडल म्हणजे लागलेला ब्रेक, असे दर वेळी नसते. रुग्ण खाटेच्या कडेचा आधार घेऊन उठायला लागतो, नेमके तेव्हाच हा फरक कळला तर फार उशीर झालेला असतो.

खाटेची चाके गाडीच्या चाकांपेक्षा वेगळी कशी?

मोटारीची मागची चाके एकाच दिशेला बांधलेली असतात आणि पुढची चाके चालक वळवतो. रुग्णालयातील खाटेची चारही चाके स्वतःभोवती पूर्ण फिरू शकतात. अशा चाकाला कॅस्टर म्हणतात. ऑफिसच्या खुर्चीखाली असते तेच, फक्त बरेच दणकट. खाटांसाठी साधारण १२५ किंवा १५० मिलिमीटर व्यासाची चाके प्रामुख्याने वापरली जातात. केवळ रुग्णालयीन खाटांच्या कॅस्टरसाठी ‘आयएसओ २२८८२’ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे.

कॅस्टरचे गुपित त्याच्या तिरक्या बांधणीत असते. चाक ज्या उभ्या खुंटीवर फिरते, त्या खुंटीच्या बरोबर खाली ते जमिनीला टेकत नाही, थोडे मागे टेकते. त्यामुळे खाट ढकलली की चाक आपोआप फिरून खुंटीच्या मागे येते आणि ढकलण्याच्या दिशेने धावू लागते. म्हणून दोन खाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून खाट आडवीही सरकवता येते. भिंतीला लावलेली खाट बाहेर काढताना हा गुण फार उपयोगी पडतो.

मग लांब कॉरिडॉरमध्ये खाट भिंतीकडे का जाते?

तोच गुण इथे दोष ठरतो. चारही चाके मोकळी असल्यामुळे खाटेला स्वतःची अशी दिशाच नसते. फरशीला थोडा उतार असला, ढकलणाऱ्याचा एक हात जास्त जोर लावत असला किंवा एखादे चाक जड फिरत असले, की खाट खेकड्यासारखी तिरकी सरकू लागते. मग ढकलणाऱ्याची निम्मी शक्ती खाट पुढे नेण्यात जाते आणि निम्मी ती सरळ ठेवण्यात. वळणावर तर मागचे टोक बाहेरच्या बाजूला फेकले जाते. भिंतींचे कोपरे आणि दारांच्या चौकटी सर्वात आधी तिथेच झिजतात.

पेडलच्या तीन स्थिती कोणत्या?

यावर उपाय म्हणून चांगल्या खाटांमध्ये ‘सेंट्रल लॉकिंग’ असते. म्हणजे एकाच पेडलने चारही चाकांवर नियंत्रण. पेडलचे एक टोक बहुधा लाल आणि दुसरे हिरवे असते.

* लाल टोक खाली : ब्रेक. चारही चाके जागच्या जागी पक्की. ती धावत नाहीत आणि स्वतःभोवती फिरतही नाहीत.

* पेडल आडवे, मधल्या स्थितीत : सगळे मोकळे. खाट कोणत्याही दिशेला जाते. वॉर्डातल्या अडचणीच्या जागी हीच स्थिती हवी.

* हिरवे टोक खाली : स्टीअरिंग. ठरावीक एका (काही खाटांमध्ये दोन) चाकाची दिशा खाटेच्या लांबीच्या रेषेत पक्की होते. ते चाक धावते, पण वळत नाही. बाकीची चाके मोकळीच राहतात. लांब कॉरिडॉर आणि रॅम्पसाठी ही स्थिती.

सर्वात धोकादायक गैरसमज इथेच होतो. हिरवे टोक खाली असताना पेडल ‘दाबलेले’ दिसते आणि घाईत पाहणाऱ्याला खाट लॉक आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती धावायला पूर्ण तयार असते. म्हणून पेडल दाबले आहे का, एवढेच पाहून भागत नाही. कोणते टोक खाली आहे ते पाहावे लागते.

पेडल दाबल्यावर आत काय घडते?

खाटेच्या रुंदीत, दोन चाकांच्या मधून एक षटकोनी दांडा गेलेला असतो. पेडल या दांड्यावर बसवलेले असते. डोक्याकडचा आणि पायाकडचा असे दोन दांडे लांब सळईने एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे कोणत्याही टोकाचे पेडल दाबले तरी चारही चाकांना एकच हुकूम मिळतो.

दांडा गोल नसून षटकोनी का? गोल दांडा छिद्रात नुसता फिरेल, षटकोनी दांडा आपल्याबरोबर आतला भागही फिरवतो. हा आतला भाग म्हणजे कॅम, एका बाजूला फुगवटा असलेली चकती. ती फिरली की खुंटीच्या आतला खिळा खाली ढकलला जातो. ब्रेकच्या स्थितीत हा खिळा चाकाला दाबून धरतो आणि त्याच वेळी दातेरी भागात अडकून चाकाचे स्वतःभोवती फिरणेही थांबवतो. स्टीअरिंगच्या स्थितीत फक्त फिरणे अडते, चाक मोकळे राहते.

स्टीअरिंगचे चाक पुढे असावे की मागे?

खाट सुमारे दोन मीटर लांब असते. दिशा पक्की केलेले चाक ढकलणाऱ्यापासून लांब, म्हणजे पुढच्या टोकाला असेल, तर तो आपले टोक बाजूला ढकलून खाट सहज वळवू शकतो. तरफेचा तोच नियम. आधारबिंदू लांब असला की कमी जोरात काम होते. तेच चाक ढकलणाऱ्याच्या पायाशी असेल, तर खाट सरळ धावते खरी, पण वळवताना मनगटे भरून येतात. कोणते चाक लॉक होते ते खाटेनुसार बदलते. हिरवे पेडल दाबून दोन-चार पावले खाट ढकलून पाहिली, की ते लगेच समजते.

पाचवे चाक कशासाठी?

काही स्ट्रेचर आणि महागड्या खाटांना मध्यभागी पाचवे चाक असते. पेडल दाबले की ते स्प्रिंगच्या जोरावर जमिनीला टेकते. आता खाट मधल्या चाकाभोवती फिरते, त्यामुळे वळायला कमी जागा लागते आणि एक माणूसही ती आवाक्यात ठेवू शकतो. स्प्रिंगमुळे उंचसखल फरशीवरही चाकाची पकड सुटत नाही. काही खाटांमध्ये या मधल्या चाकाला बॅटरीवर चालणारी मोटार जोडलेली असते. चढावर जोर मोटार लावते, ढकलणाऱ्याने दिशा सांभाळायची.

चालत्या खाटेला ब्रेक लावता येतो का?

नाही. खाटेचा ब्रेक हा उभ्या गाडीच्या हँडब्रेकसारखा आहे. वेग कमी करण्यासाठी तो बनवलेला नाही. धावत्या खाटेचे लाल पेडल दाबले तर चाके एकदम जाम होतात. धक्का थेट रुग्णाला, टाक्यांना आणि सलाइनच्या स्टँडला बसतो.

म्हणजे चालताना खाटेचा खरा ब्रेक ढकलणारी माणसेच असतात. खाट, गादी, रुग्ण आणि सोबतचे साहित्य मिळून २०० किलो वजन धरू. १२ फुटांना एक फूट चढणाऱ्या रॅम्पवर ही खाट नुसती थोपवून धरायला सुमारे १७ किलो वजनाइतका जोर सतत लावावा लागतो. वेगाचा हिशेब आणखी कडक आहे. चालण्याचा वेग दीडपट केला, तर थांबवताना शोषावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. म्हणून उतारावर दोन माणसे हवीत, त्यातला एक खालच्या बाजूला, आणि चाल धिमी.

लिफ्टच्या दाराशी खाट का अडते?

चाक जितके लहान, तितका उंबरठा त्याला मोठा. एक सेंटिमीटर उंच पट्टी ओलांडताना १०० मिलिमीटरच्या चाकाला त्याच्यावरील भाराच्या ७५ टक्के इतका आडवा जोर लागतो, तर १५० मिलिमीटरच्या चाकाला सुमारे ५८ टक्के. हिशेब खाट अगदी सावकाश पट्टीवर चढवण्याचा आहे. पण फरक किती मोठा आहे, ते त्यातून कळते.

लिफ्टच्या फटीचा प्रश्न वेगळा. मोकळे कॅस्टर फटीशी आल्यावर वळून तिच्या रेषेत उभे राहिले, तर आत रुतू शकते. त्यामुळे खाट फटीला काटकोनात, सरळ न्यावी. स्टीअरिंगची स्थिती इथेही मदत करते. लिफ्ट सुरू होण्याआधी मात्र लाल टोक खाली हवे.

घरी भाड्याने आणलेल्या बेडचे काय?

शस्त्रक्रियेनंतर किंवा आजी-आजोबांसाठी अनेक कुटुंबे ‘फाउलर बेड’ भाड्याने आणतात. हे नाव अमेरिकी शल्यचिकित्सक डॉ. जॉर्ज रायर्सन फाउलर यांच्यावरून पडले. रुग्णाला पाठ उंचावून अर्धवट बसते ठेवण्याची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. अशा साध्या बेडला बहुधा सेंट्रल लॉकिंग नसते. प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा असतो आणि बऱ्याचदा चारपैकी दोनच चाकांना तो असतो.

त्यातही दोन प्रकार आहेत. काही ब्रेक चाकाचे धावणे थांबवतात, पण खुंटीभोवती फिरणे थांबवत नाहीत. अशा वेळी ब्रेक लावूनही बेड काही सेंटिमीटर हलतो. तंदुरुस्त माणसाला ते जाणवणार नाही. नुकताच खुबा बदललेल्या आजींना मात्र तेवढे हलणेही तोल जायला पुरेसे आहे. बेड घेताना धावणे आणि फिरणे दोन्ही थांबते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. बेड भिंतीला टेकवणे हा ब्रेकला पर्याय नाही. भिंत एकच बाजू अडवते, आणि रुग्ण उतरतो तो दुसऱ्या बाजूने.

ब्रेक लावूनही खाट सरकत असेल तर?

कारणे बहुधा साधी असतात. चाकाचे रबर झिजलेले असते, फरशी ओली असते, सांधे ढिले पडल्याने खिळा पूर्ण खाली जात नाही, किंवा चारपैकी एखादे चाक जमिनीला नीट टेकतच नाही. आसाभोवती केस, दोरे आणि बँडेजचे धागे गुंडाळले गेले की चाक जड फिरते आणि खाट एका बाजूला ओढते. यात महागडे काही नाही. चाके नियमित साफ करणे आणि झिजलेले चाक वेळेत बदलणे एवढेच. मात्र खाटेची तपासणी म्हटली की लक्ष जाते पाठ उचलणाऱ्या मोटारीकडे किंवा हँडलकडे, आणि चाके राहून जातात.

नातेवाइकांनी काय करावे?

खाट हलवण्यापूर्वी सलाइन, कॅथेटर आणि ऑक्सिजनच्या नळ्या मोकळ्या आहेत ना, दोन्ही बाजूंचे कठडे वर आहेत ना, ते पाहा. लांब अंतर असेल तर हिरवे पेडल दाबायला सांगा. खाट जागेवर आली की लाल टोक खाली करा आणि मग खाटेला कमरेने हलका धक्का देऊन पाहा, एकदा लांबीच्या दिशेने, एकदा आडवा. हलली नाही, तरच रुग्णाला उठवा किंवा स्ट्रेचरवर घ्या. खाट हलली तर सिस्टरना सांगा आणि ती दुरुस्त होईपर्यंत रुग्णाला उठवताना एका माणसाने खाट धरून ठेवा.