घामाची फी

कडेगांव तालुक्यांतील सोनसळ हें दुष्काळी टापूंतलें खेडें. तेथून मॅट्रिक झालेले पहिले विद्यार्थी पतंगराव कदम सातारच्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजनेच्या आधारें शिकले. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं हें कॉलेज १९४७ सालीं काढलें. विद्यार्थ्यानें राबावें व त्या श्रमांतून शिक्षणाचा खर्च भागवावा, अशी ही योजना. फुकट फीनें गरीब मुलगा उपकाराखालीं वांकतो. स्वतःच्या घामाचे दाम पदरीं पडले कीं मास्तरांपुढें ताठ उभा राहतो. नोकरी मागतांना हा ताठपणाच उपयोगी पडतो. नुसती पदवी तेथें (आमच्या शहरी मुलांचीसुद्धां) मुकी राहते. पतंगराव पुढें हडपसरला रयतच्याच साधना विद्यालयांत शिक्षक झाले, आणि १९६४ सालीं, विसाव्या वर्षीं, त्यांनीं पुण्यास भारती विद्यापीठ स्थापलें.