सूक्ष्म नलिकेतील रक्तपेशींची रांग

हैदराबादच्या बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परजीवी आढळला. हाच परजीवी माणसाच्या रक्तात शिरला की रक्तप्रवाहाची शिस्त बिघडवतो.

निरोगी तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची व अतिशय लवचीक असते. अरुंद नलिकेत प्रवाहाचा वेग मध्यभागी सर्वाधिक, तर भिंतीलगत सर्वांत कमी असतो. वेगातील या फरकामुळे लवचीक पेशी आकार बदलत मध्यभागी एकवटतात. केशवाहिनीत तर त्या एकामागून एक रांगेने जातात. भिंतीलगत उरलेला रक्तद्रवाचा पातळ थर वंगणाचे काम करतो. त्यामुळेच सुमारे ०.३ मिलिमीटरहून अरुंद नलिकेत रक्ताचा दाटपणा कमी भासतो, हे फॅरेयस व लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले.

परजीवी आत वाढू लागला की पेशी ताठर होते आणि मधल्या गर्दीतून भिंतीकडे ढकलली जाते. फाल्सिपेरम प्रकारात अशा पेशी भिंतीला चिकटून केशवाहिन्या अडवतात. मेंदूत हे घडल्यास जिवावर बेतते. मात्र याच गुणधर्मामुळे सूक्ष्म नलिकांच्या उपकरणात बाधित पेशी कडेने वेगळ्या काढता येतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. रक्तात परजीवी मोजकेच असताना निदान करणे कठीण जाते. तेथे ही रांग उपयोगी पडू शकेल.