रपेट अर्ध्या तासाची, पोट दिवसभराचे

दौलताबादचा किल्ला दोन वेळा भुकेपुढे हरला. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला, तेव्हा राजा रामचंद्रदेवाने किल्ल्याचा आश्रय घेतला. घाईघाईने आत नेलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. राजाच्या पागेतील हत्ती-घोडे किल्ल्याबाहेरच शत्रूच्या हाती लागले होते. पुढे १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाच्या वेढ्यातही किल्ल्यावरचा दाणागोटा संपला आणि निजामशाहीची ही राजधानी पडली. कडा कितीही उभा असला, तरी पोटाची तजवीज नसेल तर त्याचा उपयोग नसतो, हा या किल्ल्याचा धडा आहे.

हाच धडा आज वेगळ्या ठिकाणी लागू पडतो. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतावर मुक्काम, हुरडा, बैलगाडीची फेरी आणि घोड्यावरची रपेट हे शहरी कुटुंबांच्या सुट्टीचे ओळखीचे कार्यक्रम झाले आहेत. मूल घोड्यावर बसते, छायाचित्र निघते, अर्ध्या तासात सारे आटोपते. मात्र घोड्याचा दिवस त्या अर्ध्या तासाने संपत नाही. उरलेल्या साडेतेवीस तासांत त्याला काय मिळते, यावर त्याचे आरोग्य आणि पाठीवर बसणाऱ्याची सुरक्षितताही अवलंबून असते.

लहान पोट, सततची भूक

मोकळ्या माळावरचा घोडा दिवसातले सोळा तासांपर्यंत चरण्यात घालवतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असून, त्यात आम्ल सतत पाझरत असते. चारा नसला तरी ते थांबत नाही. त्यामुळे दिवसभर उपाशी उभ्या ठेवलेल्या आणि संध्याकाळी एकदम भरपूर चंदी दिलेल्या घोड्याला जठराचे व्रण आणि पोटशूळ यांचा धोका असतो. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे बिघडलेले अन्न बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नाही. पोटशूळ हे घोड्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण मानले जाते ते याचमुळे.

साधारण ३०० किलो वजनाच्या देशी घोड्याला रोज किमान पाच ते सहा किलो कोरडा चारा लागतो. हरभरा किंवा जवाची चंदी ही या चाऱ्याला जोड असते, त्याचा पर्याय नव्हे. पाणी रोज २५ ते ४० लिटर लागते आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. मराठवाड्याच्या या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही दरवर्षी तितका पडतोच असे नाही. दुष्काळात गाई-बैलांसाठी चारा छावण्या उघडल्या जातात. हौसेखातर ठेवलेल्या घोड्याची सोय मात्र मालकालाच करावी लागते. म्हणूनच शेतावर घोडा आणण्यापूर्वी कडब्याची गंज आणि पाण्याचा हौद यांचा हिशेब व्हायला हवा.

पाठीवर किती वजन?

घोड्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश इतकेच ओझे, खोगिरासह, त्याच्या पाठीवर असावे, असा पशुवैद्यकीय संकेत आहे. ३०० किलोच्या तट्टाच्या बाबतीत ही मर्यादा ६० किलोंवर येते. म्हणजे शाळकरी मुलासाठी योग्य असलेले तट्टू मुलाच्या वडिलांसाठी योग्य असेलच असे नाही. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये केलेल्या नियमांतही तट्टावर ७० किलोंपेक्षा अधिक ओझे लादू नये, असे म्हटले आहे. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावरांना कामाला जुंपू नये, असेही हे नियम सांगतात. छत्रपती संभाजीनगर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा याहून बराच वर असतो आणि शाळांच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच लागतात. अशा दिवसांत रपेट पहाटे किंवा सूर्य कलल्यावरच व्हायला हवी.

खोगीर नीट बसले नाही तर पाठीवर जखमा होतात आणि खोगिराखाली झाकल्या गेल्याने त्या पर्यटकाला दिसत नाहीत. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाचा हात लागणे आवश्यक असते. दौलताबाद परिसरातल्या खडकाळ वाटांवर चालणाऱ्या घोड्याच्या बाबतीत यात हयगय झाली तर तो हमखास लंगडतो.

सोबतीची जनावरे

घोडा कळपाने राहणारा प्राणी आहे. एकटा बांधून ठेवलेला घोडा दावणीचे लाकूड चावू लागतो किंवा तासन्‌तास डोलत राहतो. ही खोड नव्हे. एकटेपणाचे आणि बंदिस्तपणाचे लक्षण आहे. दुसरा घोडा ठेवणे शक्य नसेल तर गाढव किंवा शेळी ही जुनी, स्वस्त आणि परिणामकारक सोबत ठरते. मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी, देवणी आणि लाल कंधारी गाय ही इथल्या हवेला सरावलेली जनावरे असल्याने शेतावर ती सहज सामावतात. कोंबड्या शेणातल्या माशांच्या अळ्या टिपतात, त्याचाही फायदा होतो.

मात्र सोबत असली तरी सर्वांचे खाद्य एक नसते. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरांना योग्य प्रमाणात चालणारे हे औषध घोड्याच्या हृदयावर घाला घालते आणि थोड्या मात्रेतही त्याचा जीव घेऊ शकते. त्यामुळे खाद्याची पोती आणि घमेली वेगळी ठेवणे ही अशा शेतावरची पहिली शिस्त होय.

रोगांच्या बाबतीतही दक्षता लागते. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा घोड्याला हळूहळू खंगवतो. ग्लँडर्स हा रोग तर घोड्यापासून माणसालाही होऊ शकतो. २००६ मध्ये महाराष्ट्रासह देशाच्या काही भागांत त्याने पुन्हा डोके वर काढले होते. बाहेरून आणलेला घोडा रक्ततपासणी होईपर्यंत इतर जनावरांपासून वेगळा ठेवावा लागतो तो यासाठीच. सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेतून घोडा घेताना दात, टापा आणि चाल पाहिली जाते. तपासणीचा कागद पाहण्याची सवयही तितकीच आवश्यक आहे.

बारगीर आणि शिलेदार

मलिक अंबरने १६१० मध्ये दौलताबादला निजामशाहीची राजधानी केली आणि मराठा स्वारांच्या चपळ तुकड्यांच्या बळावर मोगलांना जेरीस आणले. त्या फौजांचा भार दख्खनच्या लहान, काटक घोड्यांवर होता. त्याच परंपरेतल्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच नोंद केली आहे. मराठा फौजेत स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार आणि सरकारी पागेतला घोडा घेऊन लढणारा बारगीर, असा भेद असे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची उपजीविकाच जाई, म्हणून तो घोड्याला जिवापाड जपे.

पर्यटक हा एका अर्थाने बारगीर असतो. घोडा दुसऱ्याचा, जोखीमही दुसऱ्याची. हंगाम संपला की पर्यटकाचा संबंध संपतो, घोड्याचे खाणे मात्र सुरूच राहते. २०२० च्या टाळेबंदीत माथेरानच्या घोडेवाल्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. ग्राहक नव्हते, पण चारा रोज लागत होता. शेतावर घोडा ठेवणाऱ्याने रपेटीचे भाडे ठरवताना पावसाळ्यातले रिकामे महिनेही त्यात धरले पाहिजेत. नाहीतर त्या महिन्यांची झळ घोड्याच्या पोटाला बसते.

रपेटीला निघण्यापूर्वी पर्यटकालाही काही गोष्टी सहज पाहता येतात. बरगड्या मोजता येतील इतका घोडा खंगला आहे का? खोगीर काढून पाठ दाखवण्यास मोतद्दार तयार आहे का? तोंडाच्या कोपऱ्यांवर लगामाचे व्रण आहेत का? जवळ सावली आणि भरलेला हौद आहे का? बसण्यापूर्वी कोणी वजन विचारले का? यांतल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर जरी समाधानकारक मिळाले नाही, तर त्या घोड्यावर न बसणे हेच शहाणपणाचे. ज्या शेतावर वजन विचारले जाते आणि दुपारी बारानंतर रपेट नाकारली जाते, तिथे पर्यटकाने रागावू नये; पुन्हा जाण्याजोगे ठिकाण तेच आहे.