लिनक्सचं अंतरंग (भाग ११) : निजता निजता कोसळलेला कर्नल

गेल्या आठवड्यात आपण स्वॅप पाहिलं. रॅम अपुरी पडली की डिस्कवरचं स्वॅप मदतीला येतं, पण त्याचं आणखी एक काम उरलं होतं, ते म्हणजे हायबरनेट. रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये उतरवायचं, संगणक पूर्ण बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुढे लिहायला लागायचं.

हे जमलं नाही तर काय होतं, ते माझ्या जुन्या लॅपटॉपने मला महिनाभर दाखवलं. पडदा काळा, पंखा चालूच आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. तो दिवा म्हणजे कर्नलने हात टेकल्याची खूण. बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही.

सकाळी 'जर्नलसीटीएल'कडे आदल्या खेपेच्या नोंदी मागितल्या. शेवटची ओळ हायबरनेट सुरू झाल्याची, पुढे काहीच नाही. या बिघाडातली खरी गोम हीच आहे. नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम सुरुवातीलाच गोठवला जातो, पाठोपाठ डिस्कही थांबते. चोरी व्हायच्या आधीच राखणदार झोपवलेला! मग साक्ष कोणाची काढणार? घटना पुन्हा, पण थोडी थोडी घडवून पाहणं एवढंच हाती उरतं.

त्यासाठी आधी क्रम समजून घेऊ. कर्नल प्रथम चालू प्रोग्रॅम गोठवतो. मग एकेका ड्रायव्हरला आपापलं उपकरण थांबवायला सांगतो. त्यानंतर फर्मवेअरला सूचना जाते, एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद होतात आणि शेवटी अगदी गाभ्यातली उपकरणं थांबतात. आता सगळं स्तब्ध आहे, म्हणून रॅमची प्रत काढता येते. प्रत काढून झाली की उपकरणं पुन्हा जागी करावी लागतात, कारण डिस्क झोपलेली असेल तर प्रत लिहायची कशावर? ती लिहून झाली की मगच वीज बंद. थोडक्यात, एका रात्रीत प्रत्येक ड्रायव्हरला अनेकदा उठबस करावी लागते. त्यात एखादा अडखळला की सगळंच कोसळतं.

या प्रवासाची तालीम करायची सोय कर्नलमध्येच आहे. कर्नल लिहिणाऱ्यांपैकी एक, राफाएल विसोत्स्की यांनी २००७ मध्ये कर्नलच्या दस्तऐवजांत तिची पद्धत लिहून ठेवली. पॉवर मॅनेजमेंटच्या तपासणीची सोय घालून कर्नल बांधलेला असेल, तर 'सिस'मधल्या 'पॉवर' फोल्डरात 'पीएम_टेस्ट' ही फाइल दिसते. तिच्यात क्रमाने फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स आणि कोअर यांतला एकेक शब्द लिहायचा आणि दर वेळी शेजारच्या 'स्टेट' फाइलमध्ये 'डिस्क' लिहून हायबरनेट करायचं. कर्नल त्या टप्प्यापर्यंत जातो, पाच सेकंद थांबतो आणि माघारी येतो. तालमीतही यंत्र अडकू शकतं, म्हणून आधी काम सेव्ह करून 'सिंक' चालवावं. कर्नलला सुरुवातीलाच 'नो_कन्सोल_सस्पेंड' हा पर्याय दिला, तर पडद्यावर शेवटच्या ओळी दिसण्याची शक्यता वाढते. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

फ्रीझरच्या टप्प्यात दोष असेल तर शक्यतो यंत्र कोसळत नाही. एखादा प्रोग्रॅम गोठायला तयार नसला, तर कर्नल वीस सेकंद वाट पाहून बेत रद्द करतो आणि त्या प्रोग्रॅमचं नावही सांगतो. माझा लॅपटॉप हा टप्पा सहज पार करून आला आणि डिव्हायसेसला आडवा झाला. म्हणजे दोष कुठल्यातरी ड्रायव्हरचा.

पण कुठल्या? इथे निम्मे-निम्मे करत जायचं. काढता येतील त्या मॉड्यूलांपैकी, म्हणजे कर्नलमध्ये हवे तेव्हा चढवता-उतरवता येणाऱ्या ड्रायव्हरांपैकी, अर्धी 'मॉडप्रोब'ने उतरवायची आणि तीच तालीम पुन्हा करायची. यंत्र सुखरूप परतलं तर गुन्हेगार उतरवलेल्यांत, अडकलं तर उरलेल्यांत. दोषी एकच असेल, तर ३२ मॉड्यूलांतून तो पाच खेपांत सापडतो. माझ्याकडे तो वायफायचा ड्रायव्हर निघाला. निजण्याआधी तो उतरवून उठल्यावर पुन्हा चढवणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या 'सिस्टम-स्लीप' फोल्डरात ठेवली. हा तात्पुरता उपाय आहे. खरी दुरुस्ती ड्रायव्हरमध्येच व्हायला हवी. त्यासाठी कर्नलची आवृत्ती, मॉड्यूलचं नाव आणि कुठल्या टप्प्यावर अडकलं, एवढं कळवलं तरी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचं अर्धं काम होतं.

पाचही तालमी पार पडल्या आणि तरी खरं हायबरनेट फसलं, तर त्याच 'पॉवर' फोल्डरातल्या 'डिस्क' फाइलमध्ये 'प्लॅटफॉर्म'ऐवजी 'शटडाउन' लिहून पाहावं. तेवढ्याने जमलं तर संशय फर्मवेअरवर. संगणक कोसळला नाही, पण सकाळी कोरा उठला, तर कर्नलच्या 'रिझ्यूम' पर्यायात स्वॅपचा पत्ता बरोबर आहे ना ते बघावं. स्वॅप फाइल असेल तर तिचा ऑफसेटही लागतो. आणि एक सक्त ताकीद : हायबरनेट केलेल्या संगणकाची डिस्क मधल्या काळात दुसऱ्या सिस्टिममधून उघडू नका. जागा झालेला कर्नल जुन्याच आठवणींवर विसंबून लिहू लागतो आणि फाइल सिस्टिमची वाट लागते.

हा सगळा शोध एका दुपारचा होता. त्याआधीचा महिना मी रोज रात्री तेच बटण दाबून आज तरी जमेल म्हणत बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात : पडद्यावर उमटलेला 'ऊप्स' वाचायचा कसा?