बाळ बरं होऊन घरी गेलं, मग पुन्हा सॅममध्ये कसं आलं?

आजचा विषय थोडा जड आहे, पण नीट समजून घेऊ. तीव्र कुपोषित बाळ उपचाराने सुधारतं, घरी जातं आणि काही महिन्यांत परत तिथेच येतं. असं का होतं?

आधी मोजमाप. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की ते बाळ 'सॅम'. पट्टीवर हा भाग लाल असतो. ११.५ ते १२.५ पिवळा, म्हणजे 'मॅम'. त्यापुढे हिरवा. सॅम बाळाला सूज, ताप, न्यूमोनिया असेल किंवा ते खातच नसेल, तर त्याला आईसोबत पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवतात.

तिथे वजन वाढतं. पण वजन वाढलं म्हणजे शरीर पूर्ण सावरलं असं नाही. आतडी आणि प्रतिकारशक्ती सुधारायला जास्त वेळ लागतो. मध्येच जुलाब लागले की भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही. जे बाळ जेमतेम रेषेपलीकडे गेलंय, त्याला खाली यायला असा एकच आजार पुरतो. म्हणून घरी गेल्यानंतरचे पहिले सहा महिने सगळ्यात नाजूक.

दुसरं कारण घरचं. मेळघाटचंच बघा, अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा तालुके. पावसाळ्यात घरातलं धान्य आटतं, शेतीची कामं वाढतात आणि जुलाब-ताप याच दिवसांत. सुगी संपली की कित्येक कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. बाळ सोबत जातं. अंगणवाडीतलं वजन, आहार आणि तपासणी मात्र गावातच राहते.

'आईच लक्ष देत नाही' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मला ते अजिबात पटत नाही. एवढ्याशा पोटाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं लागतं. दिवसभर मजुरीवर असलेल्या बाईने ते कधी भरवायचं?

मग उपाय काय? डिस्चार्जनंतर ठरलेल्या तपासण्या न चुकणं, घरच्या जेवणात तेल, डाळ, अंडं वाढवणं, आणि कुटुंब जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत बाळाची नोंद होणं. तुमच्या बिल्डिंगशेजारच्या साइटवर अशी लेकरं असतील, तर जवळच्या अंगणवाडी ताईंना नक्की कळवा. पट्टी लावायला एक मिनिटही लागत नाही.