आधी पाणी, मग तपासणी, गोळी शेवटी

सुरतेहून गाडीत घालून आणलेलं असो की शेतातल्या कुत्रीने उसाच्या बांधावर घातलेलं, बारडोलीतल्या घरात नवं पिल्लू आलं की पहिले दिवस कौतुकात जातात. मुलं त्याला मांडीवरून उतरू देत नाहीत, आजी वाटीभर दुधात पोळी कुस्करते, शेजारी बिस्किटं भरवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लाला जुलाब लागतात. मग घरातलं कोणीतरी औषधांच्या दुकानात जातं आणि माणसाच्या हगवणीवरची गोळी आणून तिचा चतकोर तुकडा पिल्लाच्या घशात घालतं.

घाई तिथेच नडते.

या वयात पोट बिघडायला कारणं पुष्कळ असतात. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेलं संरक्षण साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरू लागतं आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून पुरती उभी राहिलेली नसते. नेमकं याच काळात त्याची आईपासून ताटातूट होते, प्रवास घडतो, खाणं बदलतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, लॅक्टोज मात्र कमी. त्यामुळे वाटीभर गाईचं दूध काही पिल्लांना मुळीच सोसत नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी घातली आहे, ती उगाच नाही.

अशा नाजूक पोटात जिवाणूंना वाव मिळतो. कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम आणि इ. कोलायचे काही प्रकार ही त्यांतली नेहमीची नावं. इ. कोलाय १८८५ मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी शोधला. पुढच्याच वर्षी त्यांनी जुलाबाने दगावलेल्या बाळांच्या आतड्यांत नागमोडी जिवाणू पाहिले, ते आजचे कॅम्पिलोबॅक्टर असावेत असं मानलं जातं. हा जिवाणू विष्ठेतून वाढवून दाखवण्याची सोयीची पद्धत मात्र १९७० च्या दशकात हाती आली. त्याला कमी प्राणवायू आणि खास खाद्य लागतं, म्हणून साध्या कल्चरमध्ये तो निसटतो.

गुंता पुढेच आहे. हे जिवाणू ठणठणीत पिल्लांच्या शीमध्येही सापडतात. रिपोर्टमध्ये नाव आलं म्हणजे गुन्हेगार सापडला, असं होत नाही. जंत, जिआर्डिया, कॉक्सिडिया यांच्यामुळेही जुलाब होतात आणि त्यांचा छडा सूक्ष्मदर्शकाखाली ताजी शी पाहून लागू शकतो. सगळ्यांत मोठी भीती पार्व्होची. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याच्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही आणि उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात. उलट्या, मलूलपणा, रक्त पडणारे घाण वासाचे जुलाब ही त्याची लक्षणं जिवाणूंच्या संसर्गातही दिसतात, त्यामुळे नुसतं बघून फरक सांगता येत नाही. शीच्या नमुन्यावरची झटपट चाचणी बहुधा काही मिनिटांत अंदाज देते.

मनाने दिलेल्या गोळ्यांचं पुढे काय होतं, याचा धडा अमेरिकेत मिळाला. जानेवारी २०१६ ते फेब्रुवारी २०१८ या काळात तिथल्या १८ राज्यांतली ११८ माणसं कॅम्पिलोबॅक्टरने आजारी पडली, त्यांपैकी २६ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. माग काढता काढता तपास पाळीव प्राण्यांच्या दुकानांतल्या पिल्लांपाशी पोहोचला. रुग्णांमध्ये २९ जण तर या दुकानांतलेच कर्मचारी होते. नोंदी तपासलेल्या १४९ पिल्लांपैकी १४२ पिल्लांना अँटिबायोटिक दिलेलं होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पिल्लांना ते केवळ ‘आजारी पडू नये म्हणून’. हा जिवाणू नेहमीच्या बऱ्याच औषधांना दाद देईनासा झाला होता.

युरोपातल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या ‘एनोव्हॅट’ या गटाने २०२४ मध्ये दिलेला सल्लाही याच दिशेचा आहे: कुत्र्याला सौम्य वा मध्यम जुलाब असतील तर अँटिबायोटिक देऊ नये. अशा जुलाबांतले बहुतेक आपोआप थांबतात, आणि मेट्रोनिडॅझोलसारखं औषध आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विसकटतं. वाढत्या पिल्लांच्या सांध्यांतल्या कूर्चेला फ्लोरोक्विनोलोन गटातली औषधं इजा करू शकतात, आणि दुकानातून आणलेली हगवणीची गोळी अनेकदा त्याच गटातली असते. ताप, रक्तात संसर्ग पसरल्याची चिन्हं किंवा पार्व्होने घटलेल्या पांढऱ्या पेशी अशा वेळी अँटिबायोटिक जीव वाचवतं, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

घरच्यांच्या हातात असतं ते पाणी. २ किलोच्या पिल्लाच्या अंगातून २०० मिलि पाणी गेलं तर ते वजनाच्या १० टक्के होतं, म्हणजे गंभीर. म्हणून स्वच्छ पाणी, आणि डॉक्टरांना विचारून ओआरएस, थोडं थोडं पण वारंवार द्यावं. ओतू नये, जबरदस्तीने पाजू नये. लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवणंही धोक्याचं, कारण रक्तातली साखर झपाट्याने उतरते. उलट्या नसतील तर मऊ भात आणि बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन चमचा-चमचा देता येतं. स्वस्तात मिळणारी कोंबडीची मुंडकी आणि पाय कच्चे घालू नयेत. कच्च्या चिकनवर कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला सर्रास असतात.

शीमध्ये रक्त, पुन्हा पुन्हा उलटी, कोरड्या किंवा फिक्या हिरड्या, अंग गार पडणं, हाक मारली तरी न उठणं, यांतलं एक जरी दिसलं तरी उद्याची वाट पाहू नये. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला साधे वाटणारे जुलाब असले तरी त्याच दिवशी दाखवावं. जाताना स्वच्छ डबीत ताजी शी, लसीचं आणि जंताच्या औषधाचं कार्ड न्यावं, आणि गोळी दिली असेल तर तिचं पाकीटही. बारडोलीहून नवसारी सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि तिथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सुरतही साधारण तेवढ्याच अंतरावर.

पिल्लाचा आजार घरातल्यांनाही लागू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी त्याची शी उचलू नये. बाकीच्यांनी उचलल्यावर साबणाने हात धुवावेत. पिल्लाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घासू नयेत. पार्व्होची शंका असेल तर फिनाइलवर विसंबू नये. जागा आधी धुऊन काढावी, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं तरी राहू द्यावं. आणि पिल्लू आल्यानंतरच्या दिवसांत घरात कोणाला ताप येऊन जुलाब झाले, तर आपल्या डॉक्टरांना घरात नवं पिल्लू आहे हे न विसरता सांगावं.